चार पंजांएवढी जमीन

झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर आकाराचा एक कोरा कागद आणा आणि जमिनीवर ठेवा. रुंदी २१ सेंटिमीटर, लांबी २९.७ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटिमीटर. पोर्श ९११ कॅरेरा एस ही गाडी ताशी ३०८ किलोमीटरच्या आपल्या कमाल वेगाने जात असते, तेव्हा ती जमिनीला जिथे टेकलेली असते ती सगळी जागा या कागदाएवढी असते. एका टायरची नव्हे, चारही टायरांची मिळून.

हिशेब शाळकरी आहे. गाडीचं वजन १,५१५ किलो, चालक बसला की साधारण १,६००. हे वजन मुख्यतः टायरमधली हवा पेलते. हवा ३५ पीएसआय भरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.४६ किलोचा दाब येतो. १,६०० ला २.४६ ने भागलं की उत्तर येतं ६५० चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंती थोडा भार स्वतः उचलतात, त्यामुळे आकडा जरा इकडे-तिकडे होईल, पण चित्र बदलत नाही. एका टायरच्या वाट्याला सरासरी १६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटं जुळवून टेबलावर टेकवलेल्या हाताच्या पंजाएवढी जागा. ४५० अश्वशक्तीचं इंजिन, परातीएवढे ब्रेक, लाखो रुपयांचं सस्पेन्शन या सगळ्यांना जे काही करायचं आहे ते या चार पंजांमधूनच करता येतं. दुसरी वाट नाही.

आता हे पंजे करतात काय ते बघा. चांगला स्पोर्ट्‌स टायर कोरड्या डांबरावर गाडीच्या वजनाच्या साधारण १.१ पट जोर धरून ठेवतो. म्हणजे वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते तेव्हा १,७६० किलोचा आडवा जोर त्या ए-फोर कागदाने थोपवलेला असतो. दर चौरस सेंटिमीटरमागे पावणेतीन किलो. करंगळीच्या नखाएवढ्या रबराने पावणेतीन किलोची पिशवी आडवी ओढून धरली आहे असं समजा. आणि ते रबर तिथे थांबतं तरी किती वेळ? मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग पुढून मागे जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब असतो. ताशी १०० किलोमीटरला रबराचा एखादा ठोकळा खाली येतो, डांबर पकडतो, जोर घेतो आणि सुटतो, तो सेकंदाच्या २.७ हजारांश भागात. ३०० च्या वेगाला हाच काळ एक हजारांश सेकंदाहूनही कमी उरतो. आपली पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो.

मला गाडीवेडे तरुण भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती रुंद टायर घालू? त्यांना मी हाच भागाकार करायला लावतो. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारी जागाही जवळपास तीच. रुंद टायर घातल्याने कागद मोठा होत नाही, तो आडवा होतो. १६० चौरस सेंटिमीटरचा लांबट पट्टा होता, त्याचा रुंद आणि आखूड पट्टा झाला, एवढंच. जागा खरोखर वाढवायची तर हवा कमी करावी लागते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत टॉप फ्युएल वर्गाच्या गाड्या मागच्या अजस्र टायरांत म्हणूनच सहा-सात पीएसआयच हवा ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला ते जमणार नाही. भिंती दुमडून, तापून टायर फुटेल.

मग स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद का असतात? रुंदीचे खरे फायदे वेगळे आहेत. आडव्या, आखूड पट्ट्यात वळणावरचा जोर अधिक सारखा वाटला जातो, म्हणून स्टिअरिंग फिरवताच गाडी लगेच उत्तर देते. चाक एकदा फिरलं की जास्त रबर आळीपाळीने कामाला येतं, त्यामुळे ते कमी तापतं. आणि कमी तापतं म्हणून कंपनीला जास्त मऊ, जास्त चिकट रबर वापरता येतं. पकड वाढते ती या शेवटच्या कारणाने. रुंद टायरच्या किमतीत आपण खरं तर ते रबर विकत घेत असतो. हलक्या प्रतीच्या कडक रबराचा रुंद टायर घेणाऱ्याला रुंदी मिळते आणि पकड मिळत नाही.

९११ चाच इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९६४ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात १३० अश्वशक्ती होती आणि चारही चाकांना १६५ मिलिमीटर रुंदीचे, १५ इंची टायर होते. आज आपल्याकडच्या कित्येक हॅचबॅकना याहून रुंद टायर येतात. त्या टायरवर एच हे अक्षर असायचं, म्हणजे कमाल वेग ताशी २१०, आणि गाडीचा कमाल वेगही तेवढाच. ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिलं होतं. १९७४ मध्ये पिरेलीचा पी-७ हा बुटक्या भिंतींचा रुंद टायर आला, ९११ टर्बोने तो उचलला, आणि तिथून रुंदी वाढत गेली. २०१९ च्या कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ असे टायर आहेत. मागची रुंदी दुपटीच्या जवळ पोचली. पण संपूर्ण चाकाची उंची मोजा: १९६४ चं चाक सुमारे ६४५ मिलिमीटर, २०१९ चं पुढचं चाक ६८० मिलिमीटर. पंचावन्न वर्षांत साडेतीन सेंटिमीटरची वाढ! रिम मात्र १५ वरून २० इंचांवर गेली. ती जागा कुठून आली? टायरच्या भिंतीतून. तेव्हा रिम आणि जमीन यांच्यामध्ये १३२ मिलिमीटरची भिंत होती, आता ८६ मिलिमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्या रस्त्यांवर आलो की तो पुन्हा लागणार आहे.

टायरच्या बाजूवर लिहिलेली ही अक्षरं-आकड्यांची ओळ बहुतेक लोक डोळ्यांखालून घालतही नाहीत. तिच्यात किती भरलेलं आहे! ३०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ३० म्हणजे भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत, म्हणजे ९१.५ मिलिमीटर. २१ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं एकत्र नांदतात. त्यापुढे कंसात १०० वाय असं काहीतरी असतं. १०० हा भाराचा क्रमांक: एका टायरला ८०० किलो. पुढच्या टायरवर ९१ असेल तर ६१५ किलो. या क्रमांकाची शिडी सरळ नाही. एकेक पायरी साधारण अडीच-तीन टक्क्यांची आहे, त्यामुळे ‘नऊ अंकांनीच तर कमी आहे’ म्हणून घेतलेला टायर जवळपास दोनशे किलोंनी कमजोर निघतो. वाय हे वेगाचं अक्षर: टी म्हणजे १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. आणि त्या कंसालाही अर्थ आहे. कंस असला तर टायर ३०० च्याही वर चालतो. एवढ्या वेगासाठी टायरच्या पोटात नायलॉनचा किंवा अरामिडचा पट्टा गुंडाळावा लागतो.

तो पट्टा कशासाठी, हे समजायला चाकावर बसलेल्या एका ग्रॅमचा विचार करू. टायर फिरतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या कडेवरचं रबर सतत बाहेर उडू पाहतं. ताशी १०० ला ९११ चं मागचं चाक सेकंदाला बारा फेऱ्या घेतं, आणि कडेवरच्या एका ग्रॅम रबराला स्वतःच्या वजनाच्या २२० पट ओढ बसते. खाचेत पाच ग्रॅमचा खडा अडकला असेल तर तो १,१०० ग्रॅम जोराने सुटायला बघतो. मडगार्डवर टणकन वाजतो तो आवाज त्याचाच. बॅलन्सिंगवाला रिमला पाच-दहा ग्रॅमच्या वजनाच्या पट्ट्या चिकटवतो, त्याचं महत्त्वही इथेच कळतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक राहिला तर १०० च्या वेगाला तो सेकंदाला बारा वेळा सव्वातीन किलोचे हिसके देतो. स्टिअरिंग थरथरतं ते उगाच नव्हे.

वेग तिप्पट केला की ही ओढ नऊपट होते. ३०० ला एक ग्रॅम जवळपास दोन किलोंचा होतो.

आणि मग येते बुगाटी. २ ऑगस्ट २०१९ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसिन इथल्या चाचणीमार्गावर अँडी वॉलेस यांनी बुगाटी शिरॉनची खास तयार केलेली गाडी ताशी ४९०.४८४ किलोमीटर वेगाने नेली. ही नोंद एकाच दिशेने धावून झालेली आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. पण टायरला दिशेशी काय देणंघेणं? शिरॉनचं मागचं चाक ३५५/२५ आर २१, उंची ७११ मिलिमीटर. या वेगाला ते सेकंदाला ६१ फेऱ्या घेतं. गुणाकार-भागाकार केला की कडेवरची ओढ येते ५,३०० पट. एक ग्रॅम रबर ५.३ किलोचं झालं! खिशातलं रुपयाचं नाणं साधारण पावणेचार ग्रॅमचं असतं. ते त्या टायरला चिकटवलं असतं तर वीस किलोच्या गोणीसारखं बाहेर ओढलं गेलं असतं. मिशेलिनने या गाडीसाठी टायरच्या पट्ट्यांत कार्बन फायबर घातलं, चाचणीयंत्रावर टायर ताशी ५११ किलोमीटरपर्यंत फिरवून पाहिले, आणि गाडीला बसवण्याआधी प्रत्येक टायरचा एक्स-रे काढला. आतल्या धातूच्या तारा एकमेकींना घासत तर नाहीत ना, हे बघायला. ज्या गाडीच्या इंजिनात १,६०० अश्वशक्ती आहे तिच्यात सर्वांत जास्त काळजी घेतली गेली ती रबराच्या कड्यांची. साध्या शिरॉनचा वेग ४२० वर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बांधून ठेवलेला आहे, तोही टायरच्याच भीतीने. इंजिन अजून पळायला तयार असतं.

याच घराण्यातली आधीची गाडी वेरॉन, २००५ ची. पूर्ण वेगात, म्हणजे ताशी ४०७ किलोमीटरला, तिचे टायर पंधरा मिनिटं टिकतात आणि शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. त्या हिशेबाने कळंबोलीहून निघालेल्या वेरॉनचं पेट्रोल ८१ किलोमीटरवर, किवळ्याच्या अलीकडेच, संपेल. पेट्रोल संपलं नसतं तर टायर १०२ किलोमीटरवर संपले असते. ज्याने टायरआधी पेट्रोल संपवलं त्या अभियंत्याचे मी आभार मानतो. पेट्रोल संपलेली गाडी थांबते, टायर संपलेली गाडी थांबत नाही.

याच्या कितीतरी पुढच्या वेगाला रबराची सोबत सुटते. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी या गाडीने ताशी १,२२७.९८५ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा तिच्या चाकांवर रबर नव्हतंच. ती ॲल्युमिनियमची भरीव चाकं होती.

आता उलट्या टोकाला जाऊ. मोठ्या आकड्यांपेक्षा मला हा लहान आकडा जास्त चक्रावून टाकतो. समजा ९११ चा मागचा टायर १५,००० किलोमीटर टिकला आणि तेवढ्यात सहा मिलिमीटर झिजला. एका फेरीत तो सव्वादोन मीटर पुढे जातो, म्हणजे एकूण ६६ लाख ६७ हजार फेऱ्या झाल्या. सहा मिलिमीटरला या आकड्याने भागा. एका फेरीत झीज किती? ०.९ नॅनोमीटर. डीएनएच्या पिळाची जाडी दोन नॅनोमीटर असते. टायर एका फेरीत त्याच्या निम्म्याहून कमी जाडीचा थर रस्त्यावर ठेवून जातो. जवळजवळ रेणूंचा एकच थर! द्रुतगती मार्गाच्या एका फेरीत पुढचं चाक ४४ हजार वेळा फिरतं, समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरमध्ये सव्वातीन लाख वेळा. प्रत्येक वेळी एकेक थर. पकड म्हणजे हेच असतं: रबराचे रेणू डांबरातल्या खडीला क्षणभर चिकटतात, खडीच्या टोकांभोवती रबर दबतं, सुटताना थोडी उष्णता आणि थोडं स्वतःला सोडून जातं. जो टायर मुळीच झिजत नाही तो धरतही नाही.

म्हणून टायरवरचा झिजेचा आकडा वाचायला शिकलं पाहिजे. अमेरिकेच्या नियमांनुसार ट्रेडवेअर असा एक आकडा टायरवर छापलेला असतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवतीच्या ६४० किलोमीटरच्या फेरीवर गाड्यांचा ताफा सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून हा आकडा काढतात. १०० चा संदर्भ टायर, त्याच्या किती पट टिकेल ते. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतं, शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेल्या पायलट स्पोर्ट कप २ वर १८०. घरगुती गाड्यांच्या टायरांवर ५०० च्या पुढचे आकडे दिसतात. आकडा कंपनीच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना जपून करावी. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो बरंच खरं बोलतो.

इथे लोक चुकतात. पन्नास लाखांची गाडी घेतात आणि ‘जास्त टिकणारे’ टायर मागतात. टिकण्याची किंमत कशी मोजावी लागते ते सांगतो. पकड १.१ असलेला टायर ताशी १०० वरून ३६ मीटरमध्ये गाडी थांबवतो. पकड ०.९ असेल तर ४४ मीटर लागतात. आठ मीटर म्हणजे दोन मोटारींची लांबी, ऐकायला फार वाटत नाही. पण असं विचारा: जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा वेग किती होता? ताशी ४३ किलोमीटर! त्या जागी एखादा माणूस उभा असेल तर पहिल्या गाडीने त्याला धक्काही लागणार नाही. टायर निवडताना माझ्यासाठी हा ४३ चा आकडा बाकी सगळ्या आकड्यांच्या वर आहे.

हवेबद्दल थोडं. सकाळी २५ अंशांना ३५ पीएसआय भरलेली हवा टायर ५५ अंशांवर गेला की बरोबर ४० पीएसआय होते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी पंपावर थांबून, तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गाडी ३० पीएसआयवर उभी असते आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, एवढा एकच नियम आहे.

पाऊस सुरू झाला की टायरची रुंदी आणि हवेचा हा आकडा, दोन्ही जीवावर येतात. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी १०० ला आहे असं धरा. २४५ च्या पुढच्या टायरला दर सेकंदाला २० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. आपली आंघोळीची बादली साधारण तेवढीच. ३०५ चा टायर पुढे असता तर २५ लिटर. १९६४ च्या त्या १६५ च्या टायरला चौदा लिटरही पुरले असते. रुंदीची ही दुसरी बाजू शोरूममध्ये कोणी सांगत नाही. फॉर्म्युला वनच्या पूर्ण पावसाळी टायरचा आकडा पिरेली सांगते तो ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर, एका टायरचा. पाणी वेळेत हललं नाही तर टायर त्यावर तरंगू लागतो. तो कधी तरंगेल याचं एक सूत्र नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून मांडलं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, १०.३५ ने गुणा, उत्तर ताशी मैलांत. ३५ पीएसआयला ते येतं ताशी ९८ किलोमीटर. २५ पीएसआयला ८३. खाचा शाबूत असतील तर पाण्याला वाट मिळते आणि ही मर्यादा वर सरकते. गोटा झालेल्या टायरला हे सूत्र पुरेपूर लागू पडतं. द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा ताशी १०० ची आहे. जुलैच्या पावसात ९८ आणि १०० हे आकडे शेजारी ठेवून बघा.

आता त्या ८६ मिलिमीटरकडे येऊ. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कारचे मालक थोडे, पण गाडीला स्पोर्ट्‌स कारसारखी करू पाहणारे पुष्कळ. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं उदाहरण घेऊ. कंपनीचा टायर २०५/५५ आर १६, चाकाची उंची ६३२ मिलिमीटर, भिंत ११३ मिलिमीटर. याच्या जागी २२५/४५ आर १७ घातला तर उंची ६३४, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा शहाणा बदल. पण दुकानात तेव्हा २२५/५० आर १७ शिल्लक होता म्हणून तो घेतला, तर उंची ६५७. चार टक्के वाढली. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा त्याने पूर्वी दाखवला असता त्याहून गाडी जवळपास चारने जास्त वेगात असेल, आणि एबीएसला दिलेली चाकाची गणितंही तेवढीच सरकतील. एका आकड्यात पाचचा फरक, बाकी सगळं तेच.

कोणाला १८ इंच हवे असतात. २२५/४० आर १८ उंचीला बसतो, पण भिंत उरते ९० मिलिमीटर. आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्याची धारदार कड दहा सेंटिमीटर सहज असते. ११३ मिलिमीटरची भिंत दबते, सावरते आणि पुढे जाते. ९० ची भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटीत सापडते, आतले धागे तुटतात, आणि दोन दिवसांनी टायरला फुगा आलेला दिसतो. फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो, टायर फेकावाच लागतो. ज्यांना खरोखर पकड हवी आहे त्यांना मी सांगतो: कंपनीने दिलेल्या मापातच राहा, जास्तीत जास्त एक इंच वर जा, आणि वाचलेले पैसे इंचांऐवजी रबराच्या प्रतीवर घाला. १६ इंची रिमवरचा उत्तम टायर १८ इंची रिमवरच्या सुमार टायरला ब्रेकमध्ये, वळणात, पाण्यात, तिन्ही ठिकाणी मागे टाकतो. दिसायला मात्र १८ इंच छान दिसतात, हे मान्य. फॉर्म्युला वनलाही २०२६ च्या नियमांत पुढचा टायर २५ मिलिमीटरने आणि मागचा ३० मिलिमीटरने अरुंद करावासा वाटला, हेही त्या तरुणांना सांगतो.

ज्यांच्याकडे खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आहे त्यांच्यासाठी एक वेगळीच अडचण असते. या गाड्या फार चालत नाहीत. रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत, मग आठवडाभर कव्हरखाली. वर्षाला दोन हजार किलोमीटर. नक्षी सात वर्षांनीही नव्यासारखी दिसते, कायद्याला हव्या असलेल्या १.६ मिलिमीटरच्या कितीतरी वर. पण रबर चालून झिजतं तसं नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करत जातो, आणि कडक रबर खडीभोवती दबत नाही. वर जी १.१ ची पकड मोजली ती निमूटपणे खाली आलेली असते आणि डोळ्याला काहीच दिसत नाही.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारिटा इथे पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. तपासात कारण ठरला तो वेग: ताशी ७२ किलोमीटर मर्यादेच्या रस्त्यावर १२९ ते १५० च्या दरम्यान. पण तपास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ६१२ अश्वशक्तीच्या त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी, लहानशा चौकटीत, चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. काही टायरांवर हे आकडे आतल्या बाजूला असतात, तेव्हा गुडघ्यावर बसून टॉर्च मारावा लागतो. तुमची गाडी कोणतीही असो, आज संध्याकाळी चारही टायरांचे हे आकडे वाचा. स्टेपनीचेही.